बांधाआतले शहर

हार्बर मार्गाची गाडी मानखुर्द सोडून ठाण्याच्या खाडीवरील पुलावर आली की डब्यातील नित्याचे प्रवासी मोबाइलमध्ये घातलेली मान वर करीत नाहीत, आणि जो कोणी उठून दाराशी जातो तो परगावचा समजला जातो. फाल्गुनातल्या त्या सकाळी सुकती लागलेली होती. पाणी मधल्या प्रवाहापुरते उरून दोन्ही तीरांचा राखाडी गाळ उघडा पडला होता, आणि त्या गाळाच्या कडेने तिवरांची गर्द हिरवी रांग दक्षिणोत्तर नजर जाईल तिथवर पसरली होती. या खाडीचा उत्तरेकडील सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याची नोंद झाली. पलीकडच्या तीरावर मात्र, अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर, वीसवीस मजली इमारतींची भिंत उभी होती. वाशीपासून उरणपर्यंतचा हा तीर, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या नव्हे तर पाण्याच्या अनुरोधाने पाहावा, एवढाच त्या प्रवासाचा हेतू होता.

आज जिला नवी मुंबई म्हणतात ती भूमी ‘ओसाड आणि दलदलीची’ होती, असे सरकारी अहवालांतून आणि बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकांतून इतक्या वेळा लिहिले गेले आहे की नव्या पिढीला ते खरेच वाटते. वस्तुतः तिच्यातील मोठा भाग खारजमिनीचा होता; म्हणजे समुद्राच्या भरतीखाली जाणारी जमीन आगरी आणि कराडी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून पाण्यातून काढलेली, पावसाच्या गोड्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या धुऊन तिचे खारेपण उतरवलेली आणि मग भाताखाली आणलेली. बांधाच्या आतले पावसाचे पाणी सुकतीच्या वेळी खाडीत सोडण्यासाठी ‘उघाडी’ ठेवलेली असे, आणि तिची राखण हा गावाचा सामाईक व्यवहार होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली, तर ज्याची ज्याची शेते त्या बांधाआड असत त्याने रात्री-अपरात्री माणूस आणि टोपली घेऊन हजर व्हायचे हा शिरस्ता होता. कारण एकदा खारे पाणी आत शिरले की पुढची काही वर्षे त्या खाचरांत धड पीक येत नसे. मिठागरे, भातखाचरे, मासेमारीचे कोंड आणि गावठाणे अशी ही रचना समुद्रसपाटीच्या वर-खाली काही हातांच्या फरकावर तोललेली होती. पुढे सरकारनेही या बांधांची दखल घेऊन १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला आणि १९७९ साली त्याच्या जागी खारभूमी विकास अधिनियम आणला. योगायोग असा, की नव्या शहराच्या विकास आराखड्यालाही शासनाची मंजुरी त्याच १९७९ साली मिळाली. एकाच दरबाराने एका हाताने बांध राखण्याची तरतूद केली आणि दुसऱ्या हाताने, त्याच प्रकारच्या बांधांआडची हजारो एकर जमीन शहराच्या नकाशात घातली.

या नकाशाचा उगम १९६५ सालचा. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबईचा विचार बेटापुरता न करता प्रदेशाच्या दृष्टीने करावा आणि बंदरापलीकडच्या मुख्य भूमीवर नवी वस्ती उभारावी, अशी दिशा दाखवली. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात जुळ्या नगराची कल्पना सविस्तर मांडली. उत्तरेकडे एका सुळक्यासारख्या वाढत चाललेल्या मुंबईला पूर्वेकडे वळवावे, खाडी ओलांडून कारभाराचे व रोजगाराचे दुसरे केंद्र निर्माण करावे, आणि त्यासाठी लागणारी जमीन सरकारने आधीच संपादन करावी, म्हणजे विकासाने वाढणारे तिचे मोल सट्टेबाजांच्या खिशात न जाता नगराच्या उभारणीस लागेल, असा तो विचार होता. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको हे महामंडळ स्थापन झाले, ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी त्याच्या हद्दीत आली, आणि २० लाख लोकवस्तीचे नगर योजण्यास आरंभ झाला. शासनाचे मंत्रालय आणि विधिमंडळ इकडे यावे, हा त्या योजनेचा प्राण होता. ते आले नाही. ज्या सरकारने नवे नगर वसवण्याचा ठराव केला त्याच सरकारने त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नव्या कचेऱ्यांना जागा करून दिली. कोरियांना ही गोष्ट अखेरपर्यंत सलत राहिली, आणि ती सलण्याजोगीच होती.

वाशीला उतरून खाडीकाठी चालत गेलो. तेथे, संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे जेथे वारा खायला येतात त्या विहारस्थळालगत, एक विस्तीर्ण तळे आहे. नवखा माणूस त्याला शोभेचा तलाव समजून पुढे जाईल. ते शोभेचे नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील पुष्कळसा भाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. सगळी जमीन भरतीच्या वर येईल इतका भराव घालायचा तर खर्च परवडणार नव्हता, म्हणून योजनाकारांनी हॉलंडातल्या रीतीने, पण खरे पाहता खारपट्टीतल्याच जुन्या न्यायाने, खाडीच्या बाजूस बांध घातला, आतील नाले एकेका धारण तलावात आणून सोडले, आणि तलावाच्या खाडीकडील तोंडाला लोखंडी झापडे बसवली. झापड वरच्या बाजूस बिजागरीवर टांगलेले असते. सुकतीला खाडीचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उचलले जाते आणि शहराचे पाणी वाहून जाते. भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने तेच झापड चौकटीवर घट्ट बसते आणि समुद्र बाहेर राहतो. ना वीज, ना माणूस. भरतीच्या चार-पाच तासांत आत जो पाऊस पडेल तो साठवून धरणे एवढेच तलावाचे काम, आणि त्याच्या विस्ताराचा हिशेब त्यावरूनच केलेला. अशा मुकाट, साध्या आणि बिनचूक यंत्रणा आपल्या नगरांत फार थोड्या असतील.

झापडांच्या चौकटीवर शेवाळ आणि शिंपले दाट बसले होते, आणि एका झापडाच्या फटीत नारळाची करवंटी अडकल्यामुळे तेवढ्या जागेतून पाण्याची बोटभर जाड धार उलटी आत येत होती. कठड्यावर गळ टाकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “काका, पावसाळ्यात हे पाणी पुरतं का बाहेर जातं?” त्यांनी गळावरची नजर न काढता उत्तर दिले, “पानी आपलं आपन जातं. वाट गालानं भरलीय, त्याला पानी काय करंल?” तलावाच्या मध्यावर बोट दाखवून ते म्हणाले, की त्यांच्या लहानपणी येथे उघाडी होती आणि तिच्या तोंडाशी जिताडा मिळत असे.

त्यांनी दाखवलेल्या जागी तिवरांचे बन उगवलेले होते, आणि येथेच धोरणाची एक विलक्षण कोंडी दृष्टीस पडते. नाल्यांबरोबर येणारा गाळ तलावांत वर्षानुवर्षे साचला, गाळावर तिवरे रुजली, तिवरांच्या मुळ्यांनी आणखी गाळ धरला, आणि तलावांची साठवणशक्ती घटत गेली. गाळ काढायचा तर तिवरे तोडावी लागणार; परंतु २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने त्यांना कायमचे संरक्षण दिले. हे संरक्षण किती निकडीचे होते, हे भरावाखाली गेलेल्या किनाऱ्याकडे पाहून कोणाच्याही ध्यानात येईल. तरीही ज्या तिवरांना वाचवण्यासाठी कायदा झाला ती खाडीकाठची, आणि जी धारण तलावात उगवली ती गटाराच्या गाळावरची, हा भेद करण्याचे काम वर्षानुवर्षे परवानग्यांच्या कागदांत फिरत राहिले, आणि मुसळधार पाऊस व उधाण एकाच घटकेला आले की सखल विभागांतील दुकानांत पाणी शिरत राहिले. मला येथे पर्यावरण आणि विकास यांचे भांडण दिसले नाही. तलाव साफ ठेवण्याचे नित्याचे काम वेळच्या वेळी झाले असते तर तिवरांना तेथे रुजण्यास अवसरच मिळाला नसता. खारबांधाच्या जुन्या शिरस्त्यात गाळ काढणे हे दरसालचे काम होते, कारण ज्याने ते चुकवले त्याचेच शेत बुडत असे. नगरात तलाव एकाने बांधला, सांभाळ दुसऱ्याकडे गेला आणि बुडणारा तिसराच निघाला.

बेलापूरला पारसिकच्या टेकड्या पाठीशी घेऊन उभ्या असलेल्या कचेऱ्यांच्या वस्तीत मी दुपार काढली. कोकण भवन येथेच आहे, सिडकोचे मुख्य कार्यालय येथेच आहे, आणि कोरियांनी योजलेली कलाग्रामाची बसकी, अंगणाभोवती गुंफलेली घरेही येथून फार दूर नाहीत. त्यांतील पुष्कळ घरांवर मालकांनी मजले चढवले आहेत, आणि घर वाढते ठेवावे असे खुद्द कोरियांचेच म्हणणे असल्यामुळे त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. मला येथे विचारात पडायला लावले ते निराळ्याच गोष्टीने. हे नगर सरकारी अनुदानावर उभे राहिले नाही. प्रारंभी शासनाने सुमारे ४ कोटी रुपयांचे भांडवल दिले. पुढचे रस्ते, पाणी, गटारे, रेल्वेच्या खर्चातील मोठा वाटा, हे सारे संपादित जमिनीचे भूखंड पाडून ते विकलेल्या पैशांतून झाले. ही युक्ती बुद्धिमान होती आणि तिने कामे झाली, यात शंका नाही. परंतु जे नगर जमिनीच्या विक्रीवर जगते त्याला न विकलेली जमीन ही शिल्लक रक्कम वाटू लागते. पहिल्या आराखड्यातील तळी, गाळपट्टे आणि टेकड्यांचे उतार जेव्हा कोरे ठेवले गेले तेव्हा पाण्याचा विचार झाला होता. चाळीस वर्षांनी त्याच कोऱ्या जागांकडे पाहणाऱ्या नजरेत दर चौरस मीटरचा भाव होता.

याचे उदाहरण पाम बीच मार्गावर आहे. नेरूळच्या पश्चिमेस, या रुंद रस्त्याच्या खाडीकडील बाजूला, काही उथळ पाणथळी आहेत. खाडीत भरती चढली आणि गाळपट्टे बुडाले, की फ्लेमिंगोंना, ज्यांना आपल्याकडे रोहित असेही नाव आहे, उभे राहायला उथळ जागा उरत नाही. तेव्हा ते थव्यांनी रस्त्याच्या इतक्या जवळच्या या तळ्यांत येऊन उतरतात, की मोटारीतून जाणाऱ्यालाही त्यांच्या चोचींची काळी टोके मोजता यावीत. सुकती लागली की परत गाळावर. म्हणजे खाडी हे त्यांचे शेत आणि ही तळी हे त्यांचे भरतीच्या वेळेचे घर. यांपैकी एकालाच अभयारण्याचा दर्जा असून दुसरे त्याच्या सीमेबाहेर राहिले. यांतील एका जागेवर गोल्फचे मैदान आणि निवासी इमारती व्हाव्यात म्हणून २०१६ साली आराखड्यातील तिचा वापर बदलण्यात आला; नागरिक न्यायालयात गेले आणि २०१८ साली उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. जवळच्याच एका तळ्याचे खाडीशी असलेले मार्ग बंद पडून ते आटल्याच्या तक्रारी झाल्या, २०२४ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंगो मृत सापडले, तेव्हा गलका झाला. मी गेलो त्या दुपारी काठावर शाळेची मुले दुर्बिणीसाठी भांडत होती आणि त्यांच्या बाई त्यांना रांगेत उभे करण्यासाठी पक्ष्यांहून मोठा आवाज काढीत होत्या. पक्षी हलले नाहीत. बहुधा त्यांना या शहराच्या आवाजाची सवय झाली असावी. पाणी आटण्याची सवय मात्र पक्ष्याला होत नाही.

नेरूळहून उरणला जाणारी लोकलगाडी हा या प्रदेशातील सर्वांत नवा आणि, माझ्या मते, सर्वांत बोधप्रद प्रवास. २०१८ साली ही गाडी खारकोपरपर्यंत आली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी, ज्या दिवशी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, तिने उरण गाठले. पनवेलची खाडी ओलांडली की डाव्या हाताला नव्या विमानतळाचा पसारा येतो. ११६० हेक्टरांच्या या जागेसाठी उलवे नावाची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून छाटली गेली आणि तिच्या दगडांनी आसपासची दलदल उचलून सपाट करण्यात आली. उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. दहा गावे-पाडे उठवले गेले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली अनेक अटी घालून या प्रकल्पाला संमती दिली होती, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. एक टेकडी गेली आणि एक मैदान आले, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही, कारण जमीन उंच केली की तिच्यावरचे पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते. विमानतळाच्या भरावानंतर लगतच्या डुंगी या गावात पावसाळ्यात पाणी भरू लागले आणि ज्या गावाचे नाव मूळ विस्थापितांच्या यादीत नव्हते, त्यालाही पुनर्वसन मागण्याची पाळी आली. खारपट्टीतला कोणताही जाणता शेतकरी हे भाकीत करू शकला असता.

खारकोपर, शेमटीखार अशी स्थानके मागे टाकीत गाडी जासईच्या बाजूने पुढे जाते. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, जमिनीच्या मोबदल्यासाठी आणि संपादनाविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर या परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: ज्याची जितकी जमीन संपादन झाली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्याला परत द्यायचा. जमिनीच्या वाढत्या मोलात मूळ मालकाचा हिस्सा मानणारे हे तत्त्व महत्त्वाचे होते, आणि विमानतळाच्या वेळी तो हिस्सा साडेबावीस टक्क्यांपर्यंत वाढवावा लागला. परंतु शेतजमिनीचा हिशेब झाला तरी गावठाणाचा राहिला. कुटुंबे वाढली, गावाच्या हद्दीबाहेरची सगळी जमीन सिडकोच्या नावे झालेली, तेव्हा लोकांनी जेथे जागा मिळाली तेथे घरे बांधली; या घरांना इकडे ‘गरजेपोटीची घरे’ म्हणतात, आणि ती नियमित करण्याचे शासननिर्णय निवडणुकांच्या सुमारास पुनःपुन्हा चर्चेस येतात. डब्यात शेजारी बसलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, “सातबाऱ्यावर सिडकोचं नाव चढलं तेव्हा मी चौथीत होतो. आज माझा नातू चौथीत आहे, आणि आमचं घर अजून अनधिकृतच.”

उरणच्या अलीकडे, द्रोणागिरी डोंगराच्या छायेत, पाणजे नावाची पाणथळ आहे. खाडीच्या पाण्याची ये-जा चालू असते तोवर तेथे हिवाळ्यात परदेशी पाहुण्या पक्ष्यांची रीघ लागते. आराखड्याच्या भाषेत मात्र ती द्रोणागिरी उपनगराची जागा आहे. पाणी आत येण्याच्या वाटा अडवल्या जातात आणि पाणथळ सुकवली जाते, अशी मच्छीमारांची व पर्यावरणप्रेमींची जुनी तक्रार असून ती हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेली आहे. भरती बांधाबाहेर ठेवण्यासाठी शोधलेली युक्ती उलट फिरवली की जिवंत खाडीची कोरडी जमीन करता येते, आणि कोरडी झालेली जमीन कागदावर पाणथळ राहत नाही. मी बांधावरून बराच आत गेलो. काही खाचांत पाणी होते, काहींत चिखलाला भेगा पडून त्याच्या कडा वाटीसारख्या वर वळल्या होत्या. आत पाणी येते का, असे भेटलेल्या गुराख्याला विचारले, तर तो म्हणाला, “उघडतील तवा येतं.” कोण उघडतात, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

शेवटी उरणच्या हनुमान कोळीवाड्यात गेलो. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच्यासाठी शेवा गावचे कोळी किनाऱ्यावरून उचलून येथे वसवण्यात आले, आणि वसाहतीला वाळवी लागली. ती इतकी, की पुनर्वसनाचे पुनर्वसन व्हावे म्हणून या लोकांना पुढे कित्येक वर्षे दारोदार फिरावे लागले. एका घराच्या ओटीवर बसलेल्या ताईंनी मला दाराची चौकट दाखवली. वरून रंग शाबूत होता, पण त्यांनी बोटाने जरा दाबले तेव्हा बोट नखापर्यंत आत गेले आणि लाकडाचा भुसा उंबऱ्यावर सांडला. भिंतीच्या कोपऱ्यात मातीच्या सुरळ्या छपरापर्यंत चढलेल्या होत्या. कपाटे, देव्हारा, मुलांची पुस्तके, सर्वांचे तेच. मी विचारले, “आणि शेव्याच्या घराचे, जमिनीचे कागद?” त्या हसून म्हणाल्या, “ते खाल्ले तर आम्ही कुठले ऱ्हायलो, दादा? ते पत्र्याच्या पेटीत ठेवलेत, खाली विटा लावून.” मग त्यांनी पेटी आणून उघडली, आणि संपादनाची नोटीस, मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचे ठराव आणि अर्जांच्या पोचपावत्या तारखेवार लावून माझ्यापुढे ठेवल्या.